सशांचा माळ आणि गावाचा हक्क

गोल्फ म्हटले की आमच्या कामगार बांधवांच्या डोळ्यांपुढे साहेब, त्याचा क्लब आणि मागून काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या उभा राहतो. चित्र खोटे नाही. परंतु या खेळाचे माहेरघर म्हणजे स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावचे ‘ओल्ड कोर्स’ मैदान. त्याचा इतिहास वाचताना आम्हांला तेथे चक्क गायरानाचा तंटा आढळला!

समुद्र आणि शेते यांच्यामधल्या वाळूच्या, उंचसखल, आखूड गवताच्या पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. पिकाच्या दृष्टीने ही जमीन कुचकामी. म्हणूनच ती गावाची राहिली. तेथे मेंढरे चरत, बाया धुणी वाळवीत, लोक खेळत. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना तेथे ससे पाळावयाचे होते. त्या वेळच्या सनदेत नगरवासीयांचा खेळण्याचा हक्क लेखी मान्य झाला. 1764 मध्ये मैदानाची 22 भोकांची फेरी 18 वर आणली गेली. पुढे जगाने तोच आकडा उचलला.

ससे मात्र गावाला महागात पडले. नगरपालिका कर्जात बुडाली, माळ विकला गेला आणि 1799 मध्ये डेम्प्स्टर नावाच्या व्यापाऱ्यांच्या हाती आला. त्यांनी सशांचा धंदा मांडला. बिळांनी मैदान पोखरले; मारामाऱ्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर 1821 मध्ये शेजारचे जमीनदार जेम्स चीप यांनी माळ विकत घेऊन खेळ वाचविला. त्यांचे उपकार आम्ही नाकारीत नाही. पण धन्याच्या मर्जीवरचा हक्क तो हक्क कसला? तो पक्का झाला 1894 च्या कायद्याने, माळ पुन्हा नगराच्या ताब्यात आला तेव्हा. 1974 च्या कायद्यानंतर त्याचा कारभार एक विश्वस्त मंडळ पाहते. पहिल्या भोकामागे ज्याची भव्य इमारत आहे तो रॉयल अँड एन्शंट क्लब 22 सरदार-सावकारांनी 1754 मध्ये काढला. स्त्रियांना सभासदत्व द्यायला त्याला 2014 साल उजाडले. मैदानाचा मालक तो नव्हे.

ते मैदान राखले कोणी? विणकराचा मुलगा टॉम मॉरिस याने. 1864 मध्ये क्लबाने त्याला वर्षाला 50 पौंडांवर नेमले; हाती हातगाडी, कुदळ, फावडे, आणि मदतीला आठवड्यातून दोन दिवस एक गडी. एवढ्यावर त्याने वाळू पसरून हिरवळी घडविल्या.

आजही रविवारी तेथे सहसा खेळ बंद असतो. गावकरी मुलेबाळे घेऊन हिंडतात. पहिल्या आणि अठराव्या भोकाच्या पट्ट्यांना छेदून सार्वजनिक रस्ता जातो. त्यावरून कोणी समुद्राकडे निघाला, तर नामांकित खेळाडूलाही काठी खाली धरून थांबावे लागते.