बिनरंगाचा डोळा

आमच्या गावात दूरदर्शन आलं तेव्हा त्याला कुणी दूरदर्शन म्हणत नव्हतं. म्हातारी माणसं 'शिनेमाची पेटी' म्हणायची, आम्ही पोरं 'टीवी' म्हणायचो आणि माझी आजी म्हणायची 'डोळा'. दिवेलागणीला ती विचारायची, "डोळा लागला का रं?" एरवी झोप लागली की डोळा लागला म्हणतात. आमच्याकडं डोळा लागला की सगळं गाव जागं व्हायचं.

गाव पुरंदर तालुक्यातलं, सासवडच्या पश्चिमेला. मुंबईचं केंद्र वरळीला २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळं ते पुण्याच्या मुलखात दिसायला लागलं. आमच्या वाट्याला आला तो पंचायतीचा सार्वजनिक संच. लाकडी पेटी, काळंपांढरं चित्र. वीज आणि कुलूप दोन्ही असलेली जागा गावात एकच होती, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. संच तिथं गेला.

सुरुवातीला त्या पेटीला स्वतःचं असं चिन्हच नव्हतं. टेलिव्हिजन म्हणजे आकाशवाणीचंच एक खातं. रेडिओला १९३६ पासून आपली धून होती, 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे ब्रीद होतं. टेलिव्हिजन बिचारं थोरल्या भावाच्या घरात राहणाऱ्या धाकट्यासारखं. १ एप्रिल १९७६ ला वाटणी झाली. दूरदर्शन वेगळं झालं, मग त्याला नाव आलं, धून आली, 'सत्यं शिवं सुंदरम्' हे ब्रीद आलं आणि खूणही आली.

ती खूण कुणी काढली हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर कळलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणारे देबाशीष भट्टाचार्य यांनी ती काढलेली. मधोमध एक गोल आणि त्याला दोन बाजूंनी वेढणारे दोन बाक. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी केलेल्या अनेक नमुन्यांतून पंतप्रधान इंदिरा गांधींनी हीच निवडली असं सांगतात. ती पडद्यावर फिरती केली त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्री यांनी. चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, थोड्या थोड्या फिरवत नेऊन, शेवटी डोळा जुळवला. धून पंडित रविशंकरांची, सनई उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. ती सनई ऐकून आमचे अण्णा म्हणाले होते, "ही लग्नातली सनई न्हाई. हिच्यात कुणाची तरी वाट बघणं हाय."

अण्णा म्हणजे माझे वडील. पेंटर. आसपासच्या पंधरा-वीस गावांतल्या भिंती त्यांच्या हातच्या. आणि त्या दिवसांत भिंतीला काम भरपूर होतं. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण त्यांनी किती काढले याला गणती नाही. निवडणूक आली की काँग्रेसची गाय आणि वासरू. १९७७ साली जनता पक्षाचा चक्रातला नांगरधारी शेतकरी आला, तोही त्यांनीच काढला. दिवसा एका पक्षाचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. कुणी टोकलं तर म्हणायचे, "भिंत पंचायतीची, रंग त्येंचा, हात तेवढा माझा."

त्याच वर्षी पावसाळ्याआधी सरपंचांनी निरोप धाडला, देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर टीवीची खूण काढायची. म्हणजे परगावच्या माणसाला कळावं, या गावात संच आहे.

अण्णांपुढं दोन अडचणी. पहिली, नमुना नव्हता. त्रिकोणाचा छापील कागद तालुक्याहून यायचा, डोळ्याचा कुणी धाडला नाही. पडद्यावर ती खूण स्थिर राहायची दोन-चार क्षण. मग अण्णा वही घेऊन बसायला लागले. एका संध्याकाळी नुसता गोल. दुसऱ्या संध्याकाळी वरचा बाक. तिसऱ्या दिवशी खालचा बाक काढताना ते एकदम हसले. मला म्हणाले, "आरं, ह्यो दुसरा बाक न्हाईच. त्योच हाय, उलटा ठिवलेला." घरी आल्यावर त्यांनी पुठ्ठ्याचा एकच बाक कापला. खिळ्याला सुतळी बांधून गोल, मग पुठ्ठा एकदा सुलटा, एकदा उलटा. झाला डोळा. चित्र फिरवत नेऊन ती खूण जुळवायची, ही अहमदाबादेतली युक्ती आमच्या पेंटरनं आपल्या परीनं हुडकली होती.

दुसरी अडचण मोठी. डोळ्याचा रंग कोणता? आमच्या पेटीत सगळंच काळंपांढरं. पारावर दोन दिवस खल चालला. एकजण म्हणाला भगवा, देऊळ आहे. दुसरा म्हणाला तिरंगा, सरकारी आहे. तिसरा म्हणाला निळा, डोळा निळाच असतो साहेबाचा. अण्णांकडं गेरू आणि नीळ शिल्लक होती. एक बाक गेरूचा, एक निळीचा केला आणि विषय मिटवला.

आता जे सांगायचं ते असं, की ती खूण अण्णांनी बाहेरून काढली आणि बाहेरच बसून बघितली. आम्ही राजवाड्यातली माणसं. १९५६ नंतर आम्ही बौद्ध झालो होतो, कायद्यानं अस्पृश्यता गेली होती, देवळात येऊ नका असं तोंडानं कुणी म्हणतही नव्हतं. पण सभामंडपात जागा कुणाची आणि पायऱ्यांखाली कुणाची हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. वहीत डोळा उतरवला तो अण्णांनी पायऱ्यांखालून, पुढच्या फेट्यांच्या फटीतून. स्मिता पाटील बातम्या वाचायच्या, 'आमची माती आमची माणसं'मध्ये बियाण्याची, खताची माहिती यायची, ते आम्ही अर्धं बघायचो आणि अर्धं ऐकायचो. माती आमची होती का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढं पडला.

बदल झाला तो भांडणानं नाही, हरिनाम सप्ताहानं झाला. मंडप सात दिवस कीर्तनाला लागणार, म्हणून संच शाळेच्या ओट्यावर हलवला. समोर मोकळं मैदान. पहिल्या रात्री जो आधी आला तो पुढं बसला. राजवाड्यातल्या बाया दिवसभर रोजगारावरून आलेल्या, त्या पोरांना घेऊन थेट पुढं. कुणाला कुठं उठवायचं हे कळेना, कारण मैदानाला पायरीच नव्हती. सप्ताह संपला तेव्हा संच परत न्यायला माणसं आली. हेडगुरुजी म्हणाले, "पोरांना कार्यक्रम दाखवायचे आहेत, राहू दे इथंच." सरपंचांनी थोडा विचार केला. मैदानात माणूस जास्त मावतो, हे त्यांनाही दिसलं होतं. संच राहिला.

मग शाळेच्या भिंतीवर नवा डोळा काढायचं ठरलं. गुरुजी म्हणाले, "शाळेचं काम आहे, पैशाचं काय?" अण्णा म्हणाले, "पैसं पडत्यात, गुरुजी. देवळाचं बी घेतलं हुतं." घेतले. पण यावेळी रंगाचा खल नको म्हणाले. पांढऱ्या चुन्यावर नुसता काळा डोळा काढला. "दिसतोय तसाच काढलाय. ज्याला जो रंग पायजे त्यो त्यानं मनात भरावा."

१९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं. १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायला लागला आणि मुंबई केंद्राची मराठी संध्याकाळ आखडली. खूण मात्र सगळ्या केंद्रांना एकच. हे आपल्या भाषेचं केंद्र आहे हे डोळ्यावरून कळायचं नाही, निवेदिकेच्या आवाजावरून कळायचं. १९८७ साली 'रामायण' आलं तोवर गावात घरोघरी संच झाले होते. मैदान ओस पडलं. ज्याचा त्याचा डोळा ज्याच्या त्याच्या घरात गेला, आणि कोण पुढं बसला हा प्रश्न सुटला की नुसता दाराआड गेला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

१९९४ साली उपग्रहावर मराठी वाहिनी आली आणि २००० साली तिला 'सह्याद्री' हे नाव मिळालं. आमच्या केंद्राला स्वतःचं नाव मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली. मला ते नाव फार आवडलं, कारण आमच्याकडं ती लहर आलीच होती सह्याद्रीच्या एका गडावरून. तोवर पडद्याच्या कोपऱ्यात कायमची खूण ठेवायची रीत पडली होती, कारण वाहिन्या इतक्या झाल्या की पाटीशिवाय घर सापडेना. पाट्याही बदलत राहिल्या. १९९९ ची 'अल्फा मराठी' २००५ साली 'झी मराठी' झाली, २००० ची 'ई टीव्ही मराठी' २०१५ साली 'कलर्स मराठी'.

२०१७ साली दूरदर्शननं नव्या चिन्हासाठी लोकांकडून नमुने मागवले, एक लाखाचं बक्षीस लावलं. डोळ्याची ओळख मात्र पुसली नाही. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजच्या खुणेचा लाल रंग जाऊन केशरी आला, तेव्हा दोन्ही बाजूंनी बरीच वादावादी झाली. ती ऐकताना मला आमचा पार आठवला.

शाळेची भिंत आता नवी आहे, तिच्यावर पाढे आहेत. अण्णा गेल्यावर त्यांची पेटी उघडली, तर कुंचल्यांखाली तो पुठ्ठा होता. त्याच्या कडेला गेरू, त्यावर नीळ, त्यावर काळा, असे तिन्ही थर अजून आहेत. नखानं खरवडलं की खालचा रंग दिसतो. नातवानं विचारलं, हे कशाचं आहे? मी तो कागदावर ठेवून एकदा सुलटा गिरवला, एकदा उलटा. मधला गोल त्यालाच काढायला लावला.