घरगुती कव्हर-ध्वनिमुद्रण (इलेक्ट्रिक गिटार)

दुसऱ्या कलावंताने आधी प्रसिद्ध केलेले गाणे राहत्या घरात, इलेक्ट्रिक गिटार आणि ॲम्प वापरून, नव्याने वाजवून मुद्रित करण्याची पद्धत. बहुतेक वेळा एकच वादक गाण्यातले सगळे भाग एकामागून एक वाजवतो आणि ते एकमेकांवर रचत जातो. आता हे काम लॅपटॉपवर होते, त्यामुळे ही पद्धत अलीकडचीच असावी असा समज आहे. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण मात्र १९५१ सालचे आहे.

त्या वर्षी अमेरिकी गिटारवादक लेस पॉल आणि त्यांची पत्नी, गायिका मेरी फोर्ड यांची ‘हाउ हाय द मून’ ही तबकडी कॅपिटल कंपनीने काढली. गाणे त्यांचे नव्हते. नॅन्सी हॅमिल्टन यांचे शब्द आणि मॉर्गन लुइस यांची चाल असलेले हे गीत १९४० मध्ये ‘टू फॉर द शो’ या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमात पहिल्यांदा गायले गेले आणि पुढे जॅझवाल्यांच्या हातात चांगलेच रुळले. पॉल आणि फोर्ड यांनी ते न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातल्या राहत्या घरी मुद्रित केले. त्यातल्या सगळ्या गिटारी पॉल यांच्या आहेत आणि सगळे आवाज फोर्ड यांचे. बिलबोर्डच्या यादीत ही तबकडी नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

पॉल यांनी या कामाची तयारी हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये केली होती. ‘लव्हर’ (१९४८) या तबकडीसाठी ते एक भाग तबकडीवर कोरत, ती लावून सोबत दुसरा भाग वाजवत आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घेत. पुढे बिंग क्रॉस्बी यांनी त्यांना ॲम्पेक्स कंपनीचा टेप रेकॉर्डर भेट दिला. पॉल यांनी त्यावर एक जादा हेड बसवून घेतले. टेपवरचा जुना आवाज पुसला जाण्याआधी हे हेड तो वाचून घेई, त्यात नवा भाग मिसळे आणि सगळे पुन्हा त्याच टेपवर उतरे. सोय मोठी होती, धोकाही तेवढाच. दहाव्या थराला एक सूर चुकला, तर आधीचे नऊ थरही गेले. शिवाय प्रत्येक फेरीत जुन्या थरांचा आवाज थोडा मळत जाई, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य गळा व मुख्य गिटार शेवटी असा क्रम त्यांनी ठेवला. संपूर्ण गाणे आधी डोक्यात तयार असल्याखेरीज असे काम होणे शक्य नव्हते. हव्या तितक्या वेळा पुसता येणाऱ्या आजच्या मुद्रणात ही शिस्त सक्तीची उरलेली नाही, आणि अनेक घरगुती कव्हरांमध्ये तिची उणीव ऐकू येते.

पॉल पुष्कळदा गिटार थेट मिक्सरला जोडत. रॉक संगीतात ते सहसा चालत नाही, कारण तिथे ॲम्प हा वाद्याचाच अर्धा भाग असतो. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचे आवाज झपाट्याने कमी करतो. स्पीकर वगळून फाटका, ‘डिस्टॉर्शन’चा आवाज सरळ संगणकात घेतला की तो माशी घोंगावल्यासारखा कर्कश लागतो, त्याचे कारण हेच. मूळ गाण्यातल्या गिटारचा पोत पकडायचा म्हणजे गिटार आणि बोटे यांच्याबरोबर ॲम्प, स्पीकर, माईकची जागा आणि खोली या सगळ्यांचा अंदाज कानाने घ्यावा लागतो. कव्हर वाजवणाऱ्याचे खरे शिक्षण इथे होते. स्वरलेखन विकत मिळते, पण हे मिळत नाही.

घरात पहिली अडचण येते ती आवाजाच्या पातळीची. ट्यूब ॲम्पचा खास भरदार फाटका आवाज तो जोरात चालवल्यावरच येतो, आणि भारतातील २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. कमी वॅटचा ॲम्प घेतला की प्रश्न सुटेल असे वाटते, पण हिशेब वेगळा आहे. शंभर वॅटऐवजी दहा वॅट घेतले तर पातळी १० डेसिबलने उतरते, आणि कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मुद्रणासाठी पाचेक वॅटचे, लहान स्पीकरचे ॲम्प लोकप्रिय आहेत. फेंडरचा ‘चॅम्प’ हा त्यातला नामांकित. एरिक क्लॅप्टन यांनी ‘लैला’ (१९७०) या अल्बमसाठी असाच छोटा ॲम्प वापरला होता.

दुसरा उपाय एका इंजिनिअरने काढला. पोलरॉइड कंपनीत नोकरी करणाऱ्या टॉम शोल्झ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या तळघरात ‘बॉस्टन’ (१९७६) या अल्बमचा मोठा भाग मुद्रित केला. ती गाणी कव्हर नव्हती, पण पुढे त्यांनी बनवलेली साधने कव्हर वाजवणाऱ्यांच्या फार कामी आली. त्यांचा ‘पॉवर सोक’ ॲम्प आणि स्पीकर यांच्या मध्ये बसून जास्तीची शक्ती उष्णतेत घालवतो, त्यामुळे ॲम्प पूर्ण जोरात आणि स्पीकर हळू चालू शकतो. १९८२ मध्ये आलेला ‘रॉकमन’ तर हेडफोन लावून वाजवायचा खिशाएवढा ॲम्प होता. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीच्या ‘पॉड’ने वेगवेगळ्या ॲम्पचे वागणे गणिताने घडवून दाखवले. आज सॉफ्टवेअर तेच काम करते, आणि एखाद्या खऱ्या कॅबिनेटमधल्या स्पीकरची माईकने टिपलेली ध्वनिछाप त्यात भरता येते. मध्यरात्री, शेजाऱ्यांना न उठवता, भरपूर तापलेल्या ॲम्पचा आवाज मिळतो. वाजवणाऱ्याच्या अंगावर येणारी हवा तेवढी मिळत नाही, आणि सूर लांबवताना ॲम्पच्या आवाजाने तार आपोआप घुमत राहणेही कठीण होते.

खरा ॲम्प वापरायचा असेल तर माईक बहुधा शुअर कंपनीचा एसएम ५७ असतो. १९६५ पासून तो बाजारात आहे, दणकट आहे आणि मोठ्या आवाजाला डगमगत नाही. स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज तीक्ष्ण येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होतो. एखाद-दोन इंचांचा हा फरक कित्येकदा नव्या पेडलपेक्षा जास्त काम करतो. दोन माईक लावले तर त्यांच्या अंतराकडे नीट लक्ष हवे. स्पीकरपासूनच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक पडला तर एक हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज परस्परांना खोडतो आणि गिटार पोकळ वाटू लागते.

संगणकाचा विलंब हा आणखी एक नेहमीचा त्रास. ४४.१ किलोहर्ट्झच्या मुद्रणात २५६ नमुन्यांचा बफर एका दिशेने सुमारे ५.८ मिलिसेकंद घेतो. एवढ्या वेळात आवाज हवेतून दोन मीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून दोन पावले दूर उभे राहण्याइतका हा फरक. तो कुणालाही चालतो. तो वीस मिलिसेकंदांच्या पुढे गेला की हात अडखळू लागतो.

रिदम गिटार रुंद आणि भरीव ऐकू यावी म्हणून ती दोनदा वाजवून डावीकडे आणि उजवीकडे ठेवतात. एकच मुद्रण दोन्हीकडे चिकटवून भागत नाही, कारण दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच असेल तर कान ते मधोमध ऐकतो. दोन वेळच्या वाजवण्यातला बारीक फरकच रुंदी देतो. जुन्या गाण्यांत याशिवाय एक खाचखळगा असतो. ढोलकी असो वा ड्रम, माणसाने वाजवलेली लय पुढेमागे होते आणि टेपचा वेग थोडा वेगळा असल्यास सूरही प्रमाण पट्टीत बसत नाही. मेट्रोनोम लावण्याआधी मूळ गाण्याची लय ओळीओळीने आखून घेतली, तरच कव्हर त्याच्यासोबत चालते.

इंटरनेटच्या काळात या प्रकाराला पहिली जगभरची ओळख दिली ती शास्त्रीय रचनेने. तैवानच्या जेरी चँग यांनी पाखेलबेलच्या ‘कॅनन’चे ‘कॅनन रॉक’ हे रूप बांधले. दक्षिण कोरियाच्या लिम जंग-ह्यून यांनी ते आपल्या खोलीत बसून वाजवले, आणि टोपीखाली चेहरा झाकलेला तो व्हिडिओ २००५ च्या अखेरीस यूट्यूबवर पोचला. लाखो लोकांनी तो पाहिला, पण वादक कोण हे पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले तेव्हा बहुतेकांना कळले. भारतात इलेक्ट्रिक गिटारवर दुसऱ्याची गाणी वाजवण्याची परंपरा याहून जुनी आहे. व्हॅन शिपले आणि सुनील गांगुली यांनी हवाईयन पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारवर हिंदी चित्रपटगीतांच्या चालींच्या तबकड्या काढल्या होत्या, मात्र त्या स्टुडिओतल्या.

कायद्याची बाजू घरगुती वादकांकडून बहुधा दुर्लक्षित राहते. भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ३१-सी हे कलम आले. त्यानुसार मूळ गाणे पहिल्यांदा मुद्रित झालेल्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्याखेरीज त्याखाली कव्हर काढता येत नाही, आधी सूचना द्यावी लागते आणि दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. एखाद्या भाषेतल्या वा बोलीतल्या गाण्यांसाठी ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद आहे. ही चौकट कॅसेट आणि सीडीच्या व्यापारासाठी आखलेली आहे, घरच्या एका खोलीत मावणारी नाही. यूट्यूबवर प्रत्यक्षात हक्कधारकच ठरवतो की व्हिडिओ अडवायचा, जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे की नुसती नजर ठेवायची.

यात दोन हक्क वेगळे आहेत, एक गीत आणि चालीचा व दुसरा मूळ ध्वनिमुद्रणाचा. सगळी वाद्ये स्वतः वाजवणाऱ्याचा संबंध पहिल्याशी येतो. २०१९ मध्ये डीझर कंपनीने खुला केलेला ‘स्प्लीटर’ आणि त्यासारख्या साधनांनी मूळ गाण्यातले ड्रम किंवा गळा सुटा करून त्यावर आपली गिटार बसवणारा दुसऱ्या हक्कालाही हात लावतो, आणि भारतात तो प्रकाशनानंतरची साठ वर्षे टिकतो.