आयपेनबर्गचा मनोरा

ड्रोनच्या कॅमेऱ्याने जुने युद्धकालीन विमानतळ टिपण्याची हौस हल्ली वाढली आहे. आमच्या फोरबर्गशेजारच्या आयपेनबर्गला मात्र वरून छपरेच दिसतील. १९३६ साली सुरू झालेला हा विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला. तिथे वस्ती उठली.

शुक्रवार, १० मे १९४०. पहाटे जर्मन छत्रीसैनिक इथे उतरले. राणी विल्हेल्मिनाला पकडायचा बेत होता. डच सैनिकांनी त्याच दिवशी तळ परत घेतला. राणी इंग्लंडला निसटली. पण पाचव्या दिवशी देश शरण गेला, आणि पुढे इथल्या सुमारे १,४०,००० यहुद्यांपैकी लाखाहून अधिक मारले गेले.

विमानतळाची जुनी मनोऱ्याची इमारत अजून उभी आहे. वस्तीवर ड्रोन उडवायला कायद्याची बंधने आहेत. तेव्हा वाचकहो, गुडघे साथ देतात तोवर ती पायीच पाहून घ्यावी.