झरीची जमीन, मोबाईलचा टॉवर आणि ग्रामसभेचा होकार

२३ मे १९४५ रोजी झरी गावात सुमारे पाच हजार आदिवासी जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आज तलासरीत आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या या सभेत ठरलं, की जमीनदाराची वेठ करायची नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले.

हा इतिहास 'लाल बावट्याचा' म्हणून आपल्यातले काही जण बाजूला ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. शामराव परुळेकर १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडूनच विधिमंडळात निवडून आले होते, आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करणारं विधेयक मांडलं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, पण जमिनीवर हुकूम कोणाचा हा प्रश्न दोन्हीकडे होताच.

आज तो टॉवरच्या परवानगीत येतो. टॉवर नको असं आम्ही म्हणत नाही. रेंज नसली तर पोरांचे ऑनलाइन फॉर्म अडतात. पण तलासरी पाचव्या अनुसूचीत आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने गावाची सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार ग्रामसभेचा मानला, राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. मग केंद्राचे २०१६ चे 'राइट ऑफ वे' नियम पाहा. सार्वजनिक जागेवरच्या टॉवरसाठी अर्जाची फी जास्तीत जास्त १०,००० रुपये. ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं! १ जानेवारी २०२५ पासून नवे नियम लागू झाले, पण मुदत संपली की मंजुरी हे सूत्र तेच राहिलं.

गायरानावर पिढ्यानपिढ्या कसणाऱ्या भूमिहीनाच्या अर्जाला ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याला पट्टा मिळाला असं कोणता नियम धरतो? दादासाहेब गायकवाडांनी १९६४ चा सत्याग्रह ज्या जमिनींसाठी केला, तिथे आजही आपल्या माणसाला 'अतिक्रमणधारक' म्हणतात. वनहक्काचे दावे तर वर्षानुवर्षं पडून असतात. कंपनीसाठी मात्र सरकारचं मौन म्हणजे संमती.

कराचंही तसंच. १६ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असा निकाल दिला. त्यानंतर २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम १४ ने सांगितलं, की मालमत्ता करासाठी दूरसंचार जाळं त्या जागेचा भाग धरायचं नाही. म्हणजे जमीन गावाची, आणि करवसुलीत गावाचा हात आखडता.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाकडे तीन कागद मागा: टॉवरच्या जागेचा सातबारा, परवानगीचा ठराव आणि भाड्याचा करार. ठराव नसेल तर 'नाही' अशी नोंद इतिवृत्तात करून घ्या, आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घेऊनच घरी जा.