प्लेटिंगच्या कारखान्यात नवी टाकी: इतिहास काय सांगतो?

समजा भिलाईच्या नेहरू नगरात राहणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाचा निकेल प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. पोलाद कारखान्याचे शहर, तेव्हा यंत्रदुरुस्तीचे काम भरपूर. एक गिऱ्हाईक हायड्रॉलिक सिलिंडरचे दांडे घेऊन येते आणि विचारते, "हार्ड क्रोम करून द्याल का?" मालकाला वाटते, एक टाकी वाढवली की झाले. तसे खरेच होते का, ते पाहू.

लेप देण्याची कला आपल्याला नवी नाही. पितळेच्या भांड्यात ताक कळकते, म्हणून कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकी आणि आत कथील फिरवी. म्हणजे लेप शोभेसाठी नव्हे, तर मूळ धातूची उणीव झाकण्यासाठी होता.

विजेच्या साह्याने लेप देण्याचा व्यवसाय इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथे उभा राहिला. एल्किंग्टन या चुलत भावांनी 1840 मध्ये सोन्याचांदीच्या प्लेटिंगचे पेटंट घेतले. त्यांचे द्रावण सायनाइडचे होते. लेप चांगला बसे, पण कारखान्यात विषही आले. पुढे निकेलने चमक आणि गंजरोधकता दिली, पण घर्षणाला ते पुरेना. 1920 च्या दशकात कोलंबिया विद्यापीठातील कॉलिन फिंक यांच्या संशोधनातून क्रोमियम प्लेटिंग व्यवहारात आले.

आता फॅरडेचा नियम लावून पाहा. 1 चौरस डेसिमीटर पृष्ठावर 1 मायक्रॉन निकेल चढवण्यास, कार्यक्षमता 95 टक्के धरल्यास, सुमारे 310 कूलोम विद्युतभार लागतो. क्रोमिक आम्लातील क्रोमियमचा प्रत्येक अणू 6 इलेक्ट्रॉन घेतो आणि कार्यक्षमता जेमतेम 15 टक्के धरता येते. म्हणून तेवढ्याच थराला सुमारे 5,300 कूलोम लागतात, म्हणजे 17 पट! निकेलचा रेक्टिफायर येथे पुरणार नाही. शिवाय शिशाच्या मिश्रधातूचे धनाग्र आणि आम्लाची वाफ ओढणारी यंत्रणा हवी.

मोठा प्रश्न सांडपाण्याचा आहे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते आम्लयुक्त पाण्यात सोडियम मेटाबायसल्फाइटने त्रिसंयुजी करतात आणि मग अल्कली घालून गाळ म्हणून वेगळे काढतात. त्याच कारखान्यात सायनाइडची झिंक टाकी असेल आणि दोन्ही पाणी एकत्र झाले, तर आम्लामुळे हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. म्हणून दोन्ही नाल्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या हव्यात. 'नंतर बघू' म्हणणे कामगाराच्या जिवाशी खेळणे होय.

दुसरा मार्गही आहे. 1946 मध्ये ब्रेनर आणि रिडेल यांनी विजेशिवाय निकेल चढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. छिद्रांत आणि कोपऱ्यांतही तिचा थर सारखा बसतो. निकेल हाताळणाऱ्या कारागिराला ती जवळची. मात्र द्रावण सुमारे 90 अंशांवर ठेवावे लागते आणि ते ठराविक वापरानंतर बदलावे लागते.

बाजार कायद्यानेही बदलतो. युरोपीय संघाने 1 जुलै 2006 पासून विद्युत उपकरणांतील षट्संयुजी क्रोमियमवर मर्यादा घातली. तेव्हा झिंकवरील पिवळ्या पॅसिव्हेशनऐवजी त्रिसंयुजी प्रकार पुढे आला.

सारांश असा की, प्रत्येक नवा लेप जुन्याची उणीव भरून काढतो आणि नवी जबाबदारी घेऊन येतो.

स्वाध्याय: त्या मालकाला तुम्ही कोणता लेप सुचवाल? आधी सांडपाण्याचा आराखडा काढा, मग टाकीचा.