हात धुण्याची हकिगत : व्हिएन्नापासून कामा इस्पितळापर्यंत

गेल्या वर्षी आमच्या सुनेचे बाळंतपण येथे, सनीव्हेलजवळच्या एका इस्पितळात झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आत आले व सरळ खाटेकडे निघाले. सूनबाईने हसून, पण स्पष्ट विचारले, "डॉक्टर, हात धुतलेत का?" डॉक्टर म्हणाले, "बाहेरच धुतले," आणि तरीही तिच्यादेखत पुन्हा धुतले. रागावले नाहीत. आम्ही मात्र कोपऱ्यात बसून जमिनीकडे पाहत होतो. जवळजवळ चाळीस वर्षे आम्ही नर्सचे काम केले, पहिली काही मुंबईस व पुढची परदेशात. पण हा साधा प्रश्न तोंडाबाहेर काढावयास आम्हास अर्धी नोकरी लागली. एवढे त्यात अवघड काय होते, हे सांगावयाचे तर जुनी हकिगत काढावी लागेल.

व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या. सुइणींच्या विभागात शेकडा ३ देखील नाहीत. गावातील गोरगरीब बायकांना हे ठाऊक होते. आम्हाला पहिल्या विभागात घालू नका, म्हणून त्या हातापाया पडत. शहाण्यांना मात्र कारण उमगेना. कोणी हवेला दोष देई, कोणी बायकांच्या भित्र्या स्वभावाला.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण हंगेरियन डॉक्टर तेथे कामास होता. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का यांना प्रेत चिरताना विद्यार्थ्याची सुरी लागली, आणि ते वारले. त्यांच्या शरीरात सापडले ते अगदी बाळंतिणींच्या शरीरात सापडावे तसे. तेव्हा त्याच्या ध्यानी आले, की डॉक्टर व विद्यार्थी सकाळी प्रेते चिरतात आणि त्याच हातांनी बाळंतिणी तपासतात. सुइणी प्रेतांना शिवत नाहीत. मे महिन्यापासून त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या जातीच्या पाण्याने, हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी मेल्या होत्या. जूनमध्ये शेकडा २ च्या आसपास.

येथे आम्हास आमच्या आजीची आठवण होते. कबरस्तानातून कोणी परत आले, की ती दारातच तांब्या घेऊन उभी असे. हात धुतल्यावाचून आत पाऊल नाही. त्या पाण्याने जंतू मरतात असे आम्ही म्हणणार नाही. नुसत्या पाण्याने ते काम पुरते होत नाही, आणि त्या चालीचा हेतूही तो नव्हे. पण मेलेल्याकडून जिवंताकडे जाताना मध्ये क्षणभर थांबावे, एवढे शहाणपण त्यात होते. व्हिएन्नाच्या विद्वानांपाशी तेवढेही नव्हते.

वाचकांस वाटेल, आकडे पाहून सर्वांनी त्या तरुणाला डोक्यावर घेतले असेल. तसे झाले नाही. डॉक्टराच्याच हातून मरण येते हे ऐकून घेणे वरिष्ठांस मानवेना. अमेरिकेतही तोच प्रकार. बॉस्टनचे डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ सालीच लिहिले होते, की हा ताप डॉक्टर व दाया एका बाईकडून दुसरीकडे नेतात. फिलाडेल्फियाच्या मेग्ज नावाच्या प्रसिद्ध प्राध्यापकांचे उत्तर असे, की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ, आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात! सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला, वय अवघे ४७. आणि मरण आले तेही जखम चिघळून, रक्तात विष भिनून. पुढे १८७९ साली पाश्चरने सूतिकाज्वराचे साखळीसारखे जंतू दाखविले, तेव्हा वाद मिटू लागला.

हिंदुस्थानात या बाबतीत सगळा दोष गेला तो सुइणीकडे. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांना शिकविण्यासाठी फंड काढला. काम चांगले होते, आणि मळकी सुरी, जुन्या चिंध्या हेही खोटे नव्हते. पण व्हिएन्नात सुइणींचाच विभाग बरा होता, हे आम्हास नर्सिंगच्या वर्गात कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

मुंबईचे कामा इस्पितळ १८८६ साली सुरू झाले. बायकांचे, आणि बायका डॉक्टरांनी चालविलेले. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्याचा कारभार आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे होता. झिराड हे अलिबागजवळचे गाव, वाचकांस सांगावयास नको. विलायतेत जाऊन १९१९ साली त्यांनी एम.डी. केले, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे आपण समाजाच्या सभांतून पुष्कळदा ऐकले आहे. कमी ऐकतो ते हे, की मुंबई शहरात बाळंतपणात बायका कशाने मरतात याची त्यांनी चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली सरकारने छापला. आमच्या मते हे काम पद्मश्रीहून मोठे. ज्या बायांची कोणी दाद घेत नसे, त्यांच्या मरणाला कारण असते आणि ते शोधून काढता येते, असे मानणारी बाई ती. आमच्या आईचा जन्म १९३४ सालचा, कामा इस्पितळातला. तेव्हा सूतिकाज्वरावर औषध नव्हते, लंडनच्या डॉ. कोलब्रूक यांनी गंधकाच्या नव्या औषधाचे गुण छापले ते १९३६ साली. म्हणजे आजी सुखरूप घरी आली ती त्या वॉर्डातल्या बायांच्या धुतलेल्या हातांमुळे. आजी तसे म्हणत नसे. ती म्हणे, झिराडबाईंच्या हाताला गुण होता.

पुढे पेनिसिलिन आले आणि हात सैल पडले. १९८० च्या सुमारास आम्ही मुंबईस नर्सिंग शिकत होतो. इस्पितळाचे नाव घेत नाही. राउंडच्या वेळी आमच्या हाती एनॅमलचे बेसिन असे, त्यात सॅव्हलॉनचे पाणी, आणि खांद्यावर एक टॉवेल. मोठे डॉक्टर एक रोगी तपासून त्यात बोटे बुडवीत, टॉवेलला पुसत, पुढच्या खाटेकडे जात. त्यांच्यामागून बाकीचे. तीस खाटा, एक बेसिन, एक टॉवेल. शेवटी पाणी गढूळ होई. अशा पातळ केलेल्या औषधी पाण्यात काही जंतू मरत तर नाहीतच, उलट वाढतात, हे आम्ही नंतर शिकलो. एकदा दाराजवळच्या खाटेवर सिझेरियनची एक कोवळी पोर होती. तिच्या आधीच्या खाटेवरची जखम पिकलेली. आम्हास दिसत होते. पाणी बदलून आणते, असे म्हणावयाचे होते. मेट्रनकडे पाहिले आणि बेसिन पुढे केले. चौथ्या दिवशी तिला ताप चढला. ती वाचली, पण महिनाभर टाके भरले नाहीत, आणि बाळ वरच्या दुधावर गेले. त्या पाण्यानेच झाले, असे शपथेवर सांगता येत नाही. त्या पाण्याने नाही झाले, असेही नाही.

येथे अमेरिकेत आलो तेव्हा टॉवेल कागदी होते आणि नळ जागोजागी, तरी हात धुण्यात फारसा फरक नव्हता. वेळ नाही, हे सर्वांचे उत्तर. ते खोटे म्हणता येत नाही. जिनिव्हाचे डॉ. पिटे यांनी ओळखले, की दर वेळी नळापर्यंत जाणे नर्सला शक्यच नाही. म्हणून खाटेशीच स्पिरिटच्या द्रवाची बाटली ठेवली. १९९४ साली तेथे शंभरापैकी ४८ वेळा हात साफ होत, १९९७ साली ६६ वेळा. आणि इस्पितळात लागणारे रोग शेकडा १७ वरून १० च्या घरात आले. २००२ साली अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रानेही तीच शिफारस केली. भिंतीभिंतीवर बाटल्या आल्या त्या तेव्हापासून. (जुलाबाच्या एका हट्टी जंतूवर, सी. डिफवर, ती बाटली चालत नाही. तेथे साबण आणि पाणीच. नर्सिंग होममध्ये वडीलधाऱ्यांना भेटावयास जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

त्याच काळात कोण हात धुतो याची टिपणे घेणारी माणसेही वॉर्डात आली. जिनिव्हातही डॉक्टर नर्सेसच्या मागेच होते, हे वाचून आम्हास बरे वाटले होते. निवृत्तीच्या दोन वर्षे आधी एके दुपारी आम्ही एका आजोबांची उशी सारखी करून पडद्याबाहेर आलो, आणि तशाच पुढच्या खाटेकडे वळलो. हाती टिपणवही घेतलेली एक मुलगी, आमच्या अर्ध्या वयाची, हळूच म्हणाली, "सिस्टर, हात." मागे चार माणसे होती. चेहरा तापला. उशीला तर हात लावला होता, असे उत्तर जिभेवर आले होते. ते गिळले आणि मागे जाऊन हात धुतले.