लहरींची साक्ष

अतिदक्षता विभागात एक मत इतके रुजले आहे की ते कोणी मुद्दाम मांडतही नाही. सगळे त्यानुसार वागतात, इतकेच. रुग्णाला भान आहे की नाही, त्याला भ्रम झाला आहे की नाही, हे अनुभवी डॉक्टरला खाटेशेजारी उभे राहून कळते. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख, काढायचा तो फिट्‌स येणाऱ्यांचा. हे मत चूक आहे. आणि या चुकीची किंमत ज्याला तक्रारही करता येत नाही तो मोजतो, म्हणून त्याचे खंडन करणे भाग आहे.

आधी पूर्वपक्ष पूर्ण बळानिशी मांडतो. हान्स बर्गर यांनी 1924 साली येना येथे माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम टिपल्या आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केल्या. इतका काळ लोटूनही लहरी म्हणजे जाणिवेचे माप असे ठरलेले नाही, हा पहिला आक्षेप. त्याला पुरावेही आहेत. अॅट्रोपीन टोचलेला कुत्रा जागा असतो, हिंडतो, पण त्याच्या आलेखात झोपेतल्यासारख्या संथ लहरी उमटतात. अँजेलमन सिंड्रोम हा जनुकीय विकार असलेली मुले हसत-खेळत असतानाही त्यांच्या आलेखात मोठमोठ्या डेल्टा लहरी दिसतात. उलट, हृदय बंद पडून कोमात गेलेल्या काही रुग्णांत जागेपणाची वाटावी अशी अल्फा लय आढळते. दुसरा आक्षेप असा की लहरी मंदावल्या तरी कारण यकृत, मूत्रपिंड, जंतुसंसर्ग की औषध, हे कळत नाही. तिसरा आक्षेप: काहीही कळले तरी उपचार तेच राहतात.

आता उत्तर. पहिल्या आक्षेपातली उदाहरणे खरी आहेत, मात्र त्यांतून निघतो तो निष्कर्ष वेगळा. एका लयीवरून जाणिवेचा निवाडा करू नये, एवढेच ती सांगतात. असा निवाडा करा, असे म्हणतो कोण? जॉर्ज एंगेल आणि जॉन रोमानो या अमेरिकन डॉक्टरांनी 1940च्या दशकात डेलिरियमचे रुग्ण तपासले, म्हणजे घरची माणसे ज्यांना ‘वात झाला’ म्हणतात ते. भान जसजसे ढासळते तसतशा लहरी मंदावतात, आणि मूळ बिघाड सुधारता आला तर दोन्ही एकत्र सावरतात, असे त्यांना दिसले. त्यांनी एक बारकावा फार मोलाचा सांगितला: तुलना सरासरी माणसाशी करायची नाही, त्याच रुग्णाच्या आधीच्या किंवा नंतरच्या आलेखाशी करायची. 1959 साली त्यांनी डेलिरियमला मेंदूच्या अपुऱ्या कार्याचे लक्षण ठरवले. हाच एंगेल पुढे 1977 मध्ये आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहा, असे सांगणारा म्हणून गाजला. यंत्राच्या नादाने रुग्णाचे बोलणे ऐकणे सोडणाऱ्यांतला तो नव्हता.

दुसरा आक्षेप ज्वरमापकावरही घेता येईल. तापाचे कारण तोही सांगत नाही; म्हणून तो कोणी फेकून देत नाही. शिवाय ईईजी भेद दाखवत नाही, हे पूर्ण खरे नाही. दारू सुटल्यावर होणाऱ्या भ्रमात लहरी सहसा मंदावत नाहीत, वेगवान होतात. केवळ मानसिक आजारात आलेख बहुधा सामान्य असतो. म्हणून खरा कस लागतो तो शांत डेलिरियममध्ये. आजोबा आरडाओरडा करत नाहीत, नळ्या उपटत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. कोणी म्हणते वय झाले, कोणी म्हणते मन खचले. अशा वेळी मंदावलेला आलेख सांगतो की मेंदू आजारी आहे, कारण शोधा. खाटेशेजारच्या डोळ्यांतून सर्वाधिक निसटतो तो हाच प्रकार.

‘उपचार तेच राहतात’ हा आक्षेप सर्वांत दुबळा आहे. झटका दिसत नाही, पण मेंदूत अपस्माराचे वादळ चालूच आहे, अशी अवस्था केवळ ईईजीने सिद्ध होते. झटक्याची एकही खूण नसलेल्या कोमातील 236 रुग्णांचे आलेख काढले तेव्हा 8 टक्क्यांत ती आढळली. हा अभ्यास 2000 सालचा. या अवस्थेवर औषध आहे. मूत्रपिंड दुबळे असताना सेफेपाइम हे प्रतिजैविक दिल्याने भान हरपल्याचा संशय आलेखाने बळावला, तर ते औषध थांबवावे लागते. याला उपचार बदलणे म्हणायचे नाही का?

सर्वांत गंभीर प्रश्न जाणिवेच्या दीर्घ विकारांचा. डॉक्टरांच्या एकमताने ‘वनस्पतिवत्’, म्हणजे जागे पण जाणीव नसलेले, ठरलेल्या 44 रुग्णांपैकी 18 जणांत प्रमाणित श्रेणीने तपासल्यावर जाणिवेच्या खुणा सापडल्या, असा 2009चा अभ्यास आहे. प्रतिपक्ष म्हणेल, मग नीट तपासा, लहरी कशाला? रास्त प्रश्न आहे. उत्तर न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासात आहे. कोणत्याही आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या 104 रुग्णांना ‘हात उघडा, मिटा’ असे सांगत ईईजी घेतला. 16 जणांच्या मेंदूने आज्ञा पाळली. हात मात्र हलला नाही. वर्षभराने त्या 16 पैकी 7 जण दिवसाचे आठ तास स्वतःचे स्वतः सांभाळू शकत होते. ज्यांचा पाठपुरावा झाला अशा इतर 84 पैकी 12. पुढे 2024 मध्ये अनेक केंद्रांनी ईईजी आणि एफएमआरआय (मेंदूचे काम टिपणारी प्रतिमा) वापरून असे 241 रुग्ण तपासले. 60 जणांत हीच लपलेली जाणीव मिळाली.

या शास्त्राची कमजोरीही पुढे ठेवतो. 2011 साली 16 पैकी 3 ‘वनस्पतिवत्’ रुग्णांत ईईजीने जाणीव दाखवली, असा दावा झाला. 2013 मध्ये दुसऱ्या गटाने त्याच नोंदी तपासून त्यातले संख्याशास्त्र टिकत नाही, असे दाखवले. 2024च्या अभ्यासात तर उघडपणे आज्ञा पाळणाऱ्या 112 जणांपैकी 38 टक्क्यांतच यंत्राला प्रतिसाद सापडला. म्हणजे आलेखात काही दिसले नाही, यावरून जाणीव नाही असे कधीच म्हणता येणार नाही. पण दिसले तर? डोळ्यांचे आणि आलेखाचे न जुळणारे निष्कर्ष समोर असताना, ज्याने काही पाहिलेच नाही त्याचा शब्द प्रमाण कसा?

युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2020च्या मार्गदर्शक सूचनांत हाच पेच सोडवला: खाटेशेजारची तपासणी, ईईजी, मेंदूची प्रतिमा, यांपैकी ज्यात सर्वाधिक जाणीव दिसेल ते निदान धरावे. ज्याचा ईईजी कधी काढलाच नाही आणि तरीही ज्याच्या नातेवाइकांना ‘आता काही उरलेले नाही’ असे सांगितले गेले, त्याच्या बाबतीत हा नियम पाळला गेला असे कोण म्हणेल?